इंजिनाच्या आधी पाटे

पुणे,
8 जून 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गॅरेजवाल्याने दिलेला खर्चाचा कागद तू सोबत जोडला होतास, तो मी दोनदा वाचला. ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्यातली मापे बदलून ताकद वाढवणे, मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग), मोकळा सायलेन्सर आणि या सगळ्याच्या शेवटी 105 अश्वशक्तीचे 140 होतील हा शब्द. त्याच पैशांत शॉकॲब्सॉर्बर, मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि टायर होऊ शकतात, पण दोन्ही एकाच वर्षी करणे झेपणारे नाही. म्हणून आधी काय करावे, असे तू विचारतोस. माझे उत्तर ठाम आहे: इंजिनाला आत्ता हात लावू नकोस, सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडी यांच्यामधली पाटे-शॉकची जुळणी, कर. मात्र केवळ माझ्या शब्दावर तू एवढा खर्च करावास हे मला बरे वाटत नाही, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

तुझी महिंद्रा थार जीप 2016 ची आहे, म्हणजे अडीच लिटरचे सीआरडीई डिझेल इंजिन, 105 अश्वशक्ती आणि 1800 ते 2000 आरपीएमवर 247 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). हा टॉर्क कमी पडतो की नाही, याचा हिशोब कागदावर करता येतो. गाडी, आपण दोघे आणि सामान मिळून दोन टन धर. ओल्या चिखलात टायरला वजनाच्या एक तृतीयांश एवढीच पकड मिळते असे मानले, तर चारही चाके मिळून जमिनीला सुमारे 6500 न्यूटन रेटा देऊ शकतात. तुझ्या टायरची त्रिज्या साधारण 37 सेंटीमीटर आहे. म्हणजे चारही चाकांवर मिळून 2400 न्यूटन-मीटरच्या पुढे टॉर्क गेला की ती घसरणारच. आता इंजिनाकडून काय येते ते पाहा. 247 ला फोर-लोच्या (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोराने फिरवणाऱ्या गिअरच्या) 2.48 या गुणोत्तराने गुणले की 612 होतात, आणि पहिला गिअर व क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची दातेरी चाके) प्रत्येकी निदान तिप्पट करतात, म्हणजे झाले साडेपाच हजार. मधली गळती वजा केली तरी जमीन जेवढे घेऊ शकते त्याच्या दुप्पट तुझ्याकडे आजच आहे. त्यात तिसरा हिस्सा आणखी वाढवून चिखलात काय साधणार? चाक अधिक जोरात फिरेल आणि गाडी अधिक लवकर रुतेल.

हे मी हिशोबाने शिकलो नाही, नुकसानीने शिकलो. माझी पहिली थार 2012 ची होती, मागच्या ॲक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा) नसलेली. मीही आधी रीमॅपिंग करून घेतले होते. डांबरी रस्त्यावर गाडी खरोखरच बदलली. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जो जोर लागे, त्याचा मला फार आनंद वाटे. मग 2017 च्या जुलैत वेल्ह्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वाटेवर गेलो. ओढ्यातून वर येताना डावीकडे खोल चाकोरी आणि उजवीकडे गुडघाभर उंचीचा दगड होता. पुढचे उजवे चाक दगडावर चढले, तसे मागचे उजवे चाक खाली जायला हवे होते. पण ते गेले नाही. गंजून एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांनी ते वरच धरून ठेवले, आणि चाक जमिनीपासून वीतभर अधांतरी फिरू लागले. तुला ठाऊक आहेच की उघड्या, म्हणजे लॉकर नसलेल्या, डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या जुळणीत) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क जातो. एका चाकाला पकडच नसेल, तर दुसऱ्यालाही जवळपास काही मिळत नाही. मी ॲक्सलरेटर दाबला. हवेतल्या चाकाचा वेग वाढला, त्याच्या खाचांतला तांबडा चिखल मागच्या काचेपर्यंत उडाला, गाडी थोडी डोलली, आणि तेच चाक फिरता फिरता खालच्या खडकावर टेकले. सुकी फांदी मोडावी तसा एकच आवाज झाला. हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा ॲक्सलमधला दांडा, तुटला होता. फिरत्या चाकाला अचानक पकड मिळते तेव्हा सगळा झटका शाफ्टवर आणि क्राउनच्या दातांवर येतो, आणि इंजिन जितके ताकदवान तितका तो झटका मोठा. त्या संध्याकाळी ट्रॅक्टरने गाडी ओढत डांबरीपर्यंत आणली, तेव्हा मी वाढवलेली प्रत्येक अश्वशक्ती माझ्याच गाडीवर उलटली आहे हे मला नीट समजले.

तुझ्या गाडीला मेकॅनिकल लॉकर आहे, म्हणून तुला हा धोका नाही असे समजू नकोस. तो लॉकर दोन्ही चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडल्यावरच लागतो. म्हणजे चाकाला आधी घसरावे लागते, आणि लॉक झाल्यावर सगळा भार पकड असलेल्या एकाच बाजूच्या शाफ्टवर जाऊ शकतो. चाक मुळात जमिनीवरच राहिले तर लॉकरवर ही वेळ क्वचित येते.

त्यानंतर मी पाटे उतरवले. ती दुपार मला अजून आठवते. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट इतके गंजले होते की दोन कापावे लागले. सेंटर बोल्ट काढून पाटे वेगळे केले, तेव्हा त्यांच्या मधून गंजाच्या पापुद्र्यांचा तांबूस भुगा खाली सांडला. जिथे एक पाटा दुसऱ्यावर घासतो तिथे टोकाशी नखाएवढी खोल खाच पडली होती. शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचे) बुश एका बाजूने झिजून अंडाकृती झाले होते आणि पिन हाताने फिरत नव्हती. पाटे घासून साफ केले, ग्रॅफाइट ग्रीस लावले, खाच पडलेला पाटा बदलला, बुश आणि पिना नव्या घातल्या. हा खर्च रीमॅपिंगच्या एक चतुर्थांशही नव्हता. नंतर त्याच ओढ्यावर, त्याच दगडावर, फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलरेटरला पायही न लावता गाडी वर आली. मागचे चाक वाटेला चिकटून खाली गेले, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून ते पाहत राहिलो.

म्हणून तुझ्या बाबतीत पहिले काम नवीन काही विकत घेण्याचे नाहीच. नऊ वर्षांच्या गाडीचे सस्पेन्शन आधी मूळ स्थितीला आण. मगच शॉकॲब्सॉर्बर निवड. स्प्रिंग किंवा पाटा गाडीचे वजन पेलतो. त्याची उसळी आवरण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. तो ती हालचाल तेलातून जिरवतो आणि तिची उष्णता करतो. खडबडीत कच्च्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवलीस की साध्या शॉकमधले तेल तापते, पातळ होते, त्याला फेस येतो, आणि मग चाक जमिनीला टेकण्याऐवजी तिच्यावर नाचू लागते. नायट्रोजन भरलेल्या चांगल्या शॉकमध्ये दाबामुळे हा फेस सहजासहजी होत नाही. बंद आणि उघडी लांबी मात्र मोजूनच घे. पाटा खाली जाऊ शकतो आणि शॉक आखूड आहे, तर तो शॉकच चाकाला लटकवून ठेवेल.

एका गोष्टीपासून तुला कळकळीने सावध करतो. तुझ्या गाडीला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आहेत, आणि त्यांचे बोल्ट आवळून गाडी दोन इंच उचलून देतो असे सांगणारे पुष्कळ भेटतील. उंची वाढते, फोटोही छान येतो. पण चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो, आणि वर जाण्याची जागा वाढते तेवढीच खाली जाण्याची कमी होते. जी चाके दगडापलीकडे खाली पोहोचावीत म्हणून आपण हा सगळा खटाटोप करतो, तीच लवकर हवेत जातात. शिवाय पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून रबरी बूट फाटतात, आणि बूट फाटून चिखल आत गेला की जॉइंट गेलाच म्हणून समज.

डाकार रॅली या खडतर वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचे उदाहरण मला नेहमी आठवते. प्यूजो या फ्रेंच कंपनीने 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे ती शर्यत केवळ मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीने जिंकली. तेव्हाच्या नियमांत टू-व्हील ड्राइव्हच्या गाड्यांना मोठे टायर आणि सस्पेन्शनचा अधिक प्रवास ठेवता येत असे, आणि त्या बदल्यात त्यांनी फोर-व्हील ड्राइव्ह सोडून दिले. आपले ताशी आठ किलोमीटरचे चालवणे आणि त्यांचा तो वेग यांची तुलना होत नाही, हे मी मान्य करतो. पण जगातल्या उत्तम अभियंत्यांनी चाकाच्या प्रवासाला केवढी किंमत दिली, ते पाहण्यासारखे आहे.

ताकद कधीच लागत नाही, असे मी म्हणणार नाही. जैसलमेरच्या वाळूत टेकडी चढायची तर चाकांचा वेग टिकवावा लागतो, आणि तिथे इंजिन दमले की गाडी तिथेच बसते. पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन तू वारंवार घाट चढत असतास, तरी मी वेगळा विचार केला असता. पण तू लिहितोस की तुझे फिरणे आंबा घाटाच्या परिसरातली गावे, पावसाळ्यातल्या शेतवाटा आणि वर्षातून एकदा कोकण एवढेच आहे. या वाटांवर मी पुष्कळ गाड्या अडकलेल्या पाहिल्या. इंजिनाची ताकद संपली म्हणून अडकलेली एकही आठवत नाही.

कायद्याचाही विचार कर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. मूळ मापाचे चांगले शॉक, नवे बुश, दुरुस्त पाटे ही देखभाल आहे. इंजिनाचे रीमॅपिंग करून धूर वाढवणे ही देखभाल नव्हे, आणि अपघातानंतर विमा कंपनीसमोर हा फरक फार महागात पडू शकतो. आणखी एक, मोठी ताकद म्हणजे मोठा वेग, आणि तुझ्या मागच्या चाकांना अजून ड्रम ब्रेकच आहेत.

पैसे उरलेच तर टायरला दे, तेही मूळ 235/70 आर 16 मापातच, फक्त ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांना चालणाऱ्या) नक्षीचे. आणि एक छोटा कॉम्प्रेसर व प्रेशर गेज आजच घे. कच्च्या वाटेला लागताना हवा 18 ते 20 पीएसआयवर आणलीस की टायर लांबट होऊन जमिनीला अधिक चिकटतो. डांबरीवर परतताना मात्र ती पुन्हा पूर्ण भरलीच पाहिजे.

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला आहे, तेव्हा वाटा आधीच मऊ झाल्या असतील. 22 तारखेच्या रविवारी मी तुझ्याकडे येतो. त्याआधी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरपर्यंतचे अंतर सपाट जागेवर मोजून लिहून ठेव, आणि शॅकलच्या पिनांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेव, म्हणजे त्या सकाळी निघतील. यू-बोल्टचे नवे चार नग मी इथून आणतो. गॅरेजवाल्याला तोपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र