चाक बाहेर आले, म्हणून मडगार्ड कसला ठोकता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या वाहन पुरवणीत अलॉय चाकांवर जो लेख आला, त्यातला शेवटचा चौकोन वाचून राहवले नाही. नवी चाके मडगार्डच्या बाहेर येत असतील तर मडगार्डची कड आत दुमडून घ्या किंवा थोडा कॅम्बर मारून, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलवून घ्या, असे त्यात बिनदिक्कत छापले आहे. हा सल्ला चुकीचा आहे. आधीच चुकीचा माल घेऊन बसलेल्या माणसाचे पैसे त्यापायी दुसऱ्यांदा वाया जातील.

मडगार्डच्या आतली दुमड दहा-पंधरा मिलिमीटरची असते. ती वर वळवली की खड्ड्यात गाडी दबल्यावर टायर तिला घासत नाही, एवढाच तिचा उपयोग. चाक बाहेर होते तिथेच राहते. हीट गन न वापरता थंड पत्रा वळवला तर रंगाला बारीक तडे जातात. दुमडीतले सीलंट तर बहुतेक वेळा फुटतेच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी असेल, तर त्या चिरेतून एका पावसाळ्यात गंज धरतो.

कॅम्बरचा हिशेबही लेखकाने करून पाहिलेला दिसत नाही. चाक एका अंशाने कलवले की टायरचा वरचा काठ साधारण ५ ते ७ मिलिमीटर आत येतो. बाजारात मिळणारा कॅम्बर बोल्ट दीड-पावणेदोन अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे हाती लागणार फार तर सेंटिमीटरभर, आणि त्याबदल्यात टायरची आतली कड झिजत राहणार. ही झीज बाहेरून दिसत नाही. तारा उघड्या पडल्यावरच कळते.

मूळ दोष ऑफसेटमध्ये असतो, आणि दोन पाने भरलेल्या त्या लेखात ऑफसेट हा शब्द एकदाही नाही! रिमच्या मागच्या बाजूला, आऱ्यावर किंवा हबला (गाडीचा जो भाग चाकाला धरतो त्याला) टेकणाऱ्या भागाजवळ, ‘ईटी’ आणि पुढे आकडा कोरलेला असतो. रिमची मधली रेषा हबच्या बैठकीपासून किती मिलिमीटर आत आहे, ते हा आकडा सांगतो; हाच ऑफसेट. आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर.

उदाहरणार्थ, गाडीची मूळ रिम १५ इंची, साडेपाच जे (म्हणजे साडेपाच इंच रुंद), ईटी ४५ आहे. दुकानदाराने बसवली १५ इंची, सात जे, ईटी २५. रुंदी दीड इंचाने वाढली, तिचा अर्धा भाग बाहेर, म्हणजे १९ मिलिमीटर. ऑफसेट २० ने घटला, तेवढे आणखी बाहेर. रिमची कड मूळ जागेपासून तब्बल ३९ मिलिमीटर बाहेर आली. आतल्या बाजूला मात्र जागा जवळपास होती तेवढीच राहिली. म्हणूनच दुकानात चाक फिरवून ‘बघा, शॉकअपला लागत नाही’ असे दाखवता येते. त्याऐवजी सहा जे, ईटी ४२ घेतली असती तर बाहेरची कड जेमतेम ९ मिलिमीटर बाहेर आणि आतली ३ मिलिमीटर आत सरकली असती. बहुतेक गाड्यांत एवढे सहज सामावते.

शिवाय अशा सात जे रिमवर अनेकदा जुनेच १८५/६५ टायर चढवतात. त्या मापाच्या टायरला पाच ते साडेसहा जे रिम चालते. सातवर तो ताणला जातो, रिमची कड टायरच्या आधाराबाहेर उघडी पडते आणि पहिल्याच वाईट खड्ड्यात वाकते.

चाके घेण्यापूर्वी मोजमाप करायला ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर घ्या, स्टिअरिंग सरळ करा, चारही कोपरे दाबून सोडा. चाकाच्या मध्यावर मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. पुढे-मागे, डावे-उजवे, चारही मोजा, कारण चारही सारखी क्वचितच निघतात. सर्वांत कमी आकड्यातून पाच मिलिमीटर वजा केले की उरते तेवढेच चाक बाहेर आलेले चालते. आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपमधले अंतरही असेच मोजून ठेवा.

चुकीची चाके बसली असतील, तर आधी मागे स्पेसर, म्हणजे हब आणि रिममधली चकती, आहे का ते बघा. वीस मिलिमीटरचा स्पेसर काढला की चाक बरोबर तेवढेच आत येते. मूळ स्टडवर (चाकाचा नट ज्यावर आवळतात त्या बोल्टवर) नुसता सरकवलेला जाड स्पेसर असेल, तर आजच काढा. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत जायला हवा. बारा मिलिमीटरच्या स्टडला दीडचे आटे (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) असतील तर आठ पूर्ण फेरे, सव्वाचे असतील तर दहा. त्याहून कमी फेऱ्यांत नट घट्ट झाला की चाक काही मोजक्या आट्यांवर लटकलेले असते.

स्पेसर नसेल, तर रिम बदलून योग्य ऑफसेटची घेणे हाच खरा उपाय. जुनी विकताना थोडे नुकसान होईल, ते सोसावे. नवी घेताना मधल्या भोकाचे माप हबशी जुळले पाहिजे. भोक मोठे असेल तर रिंग टाकावी, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. नटाची बैठक निमुळती की गोल तेही बघावे. गोल बैठकीचे मूळ नट निमुळत्या भोकात घातले तर ते कडेवरच टेकतात आणि सैल होतात. टॉर्क पाना लावून पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे.

मडगार्डवर रुंद पट्टी बसवणे हा प्रकार चिखल-दगड अडवतो, तेवढ्यापुरता ठीक. चाक बाहेर आल्याने बेअरिंगवर वाढलेला भार आणि स्टिअरिंगची ओढ त्याने कमी होत नाही.

कायद्याचा उल्लेख लेखात एका ओळीचाही नसावा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आली. पण मला दंडापेक्षा त्या चाकाशेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराची काळजी जास्त वाटते. उघड्या टायरने उडवलेला खडा थेट त्याच्या तोंडावर येतो. मागे बसलेल्या बाईच्या साडीचा पदर आणि फिरता टायर यांच्यामध्ये पत्राच उरत नाही.

जाता जाता आणखी एक. तुमच्या प्रश्नोत्तरांच्या सदरात वाचकाच्या गाडीचे साल आणि रिमचे माप गाळून फक्त ‘माझ्या गाडीला सतरा इंची बसतील का’ एवढेच छापतात. जे आणि ईटी माहीत असल्याशिवाय याचे उत्तर कोणालाही देता येणार नाही, आणि तरी दर आठवड्याला ‘हो, बसतील’ असे उत्तर येते. मापे छापायला अर्धी ओळ पुरते.

दसरा-दिवाळीला चाके बदलणाऱ्यांची गर्दी होते. त्याआधी त्या चौकोनाची दुरुस्ती, याच पुरवणीत आणि याच आकाराच्या अक्षरांत, छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा