नमुन्याच्या बाटलीवर वेळही लिहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात. शंभर मिलिलिटर पाण्यात कॉलिफॉर्म, म्हणजे सांडपाणी मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू किती आढळले हे सांगणाऱ्या या बातम्यांत ठिकाण असते, बहुधा तारीखही असते. परंतु नमुना दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती खोलीवरून आणि कशा हवेत घेतला, हे वाचायला मिळत नाही. अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे ही उणीव मला किरकोळ वाटत नाही, कारण उघड्या पाण्यात जिवाणू किती काळ तग धरतात हे उजेडावर फार अवलंबून असते.

ही गोष्ट नवी नाही. डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रज संशोधकांनी 1877 मध्ये पोषक द्रावणाच्या काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या आणि काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळून ठेवल्या. झाकलेल्या नळ्या जिवाणूंच्या वाढीने गढूळ झाल्या, तर उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. हा परिणाम निळ्या-जांभळ्या प्रकाशाने सर्वांत अधिक होतो आणि त्याला ऑक्सिजन लागतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

उन्हाचे श्रेय आपण सहसा अतिनील किरणांना देतो, आणि त्यांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. तथापि सुमारे 400 नॅनोमीटरपासून पुढचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही निरुपद्रवी नसतो. जिवाणूच्या पेशीत पॉर्फिरिन आणि फ्लेव्हिन जातीची रंगद्रव्ये असतात. ती निळा प्रकाश शोषतात, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतात, आणि त्यातून तयार होणारी अतिशय क्रियाशील ऑक्सिजनरूपे पेशीची पटले, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरणारी तपकिरी ह्यूमिक द्रव्येही हेच काम पेशीबाहेरून करू शकतात. सांडपाणी शुद्धीकरणासाठी उघड्यावर साठवून ठेवण्याच्या स्थिरीकरण तळ्यांवरील अभ्यासात तर असे दिसले आहे की अशी द्रव्ये, विरघळलेला भरपूर ऑक्सिजन आणि अल्कधर्मी पाणी एकत्र आले की मैलाजन्य जिवाणूंना लाल रंगापर्यंतचा दृश्य प्रकाशही बाधतो. शिवाय रंग चढलेल्या पाण्यात अतिनील किरण वरच्या थरातच अडतात, दृश्य प्रकाश त्याहून खोल पोहोचतो.

आता हे आपल्या नदीवर लावून पाहावे. सांडपाणी रात्रंदिवस मिसळत असेल, तर रात्रभर उजेडाचा काहीच अटकाव नसल्याने पहाटे जिवाणूंची संख्या चढलेली असण्याचा आणि निरभ्र दिवशी दुपारनंतर ती उतरलेली असण्याचा संभव असतो. समुद्रकिनाऱ्यांवर असा दैनंदिन चढउतार मोजला गेला आहे. म्हणजे दुपारी तीनचा आकडा दिलासा देणारा असला, तरी कार्तिकात पहाटे पंचगंगा घाटावर स्नानाला उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेच पाणी येते असे म्हणता येणार नाही. जलपर्णीच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नाही, तळाच्या गाळात पोहोचत नाही आणि आषाढातल्या तांबड्या पुरात तर वीतभर खालीही फारसा उतरत नाही. अशा जागी जिवाणू अधिक काळ टिकतात.

आणखी एक बाब प्रयोगशाळेतली आहे. उजेडाने जखमी झालेले जिवाणू पित्तक्षार घातलेल्या निवडक माध्यमावर, म्हणजे ठरावीक जिवाणूच वाढू देणाऱ्या खाद्यावर, वाढत नाहीत, म्हणून मोजले जात नाहीत. पण ते सगळे मेलेले असतातच असे नाही. नमुन्याची बाटली उन्हात उघडी ठेवून नेली तर वाटेतच संख्या घटते, म्हणूनच ती अंधारात आणि बर्फाच्या पेटीत न्यायची असते.

या माहितीवरून कोणी पिण्याचे पाणी खिडकीत ठेवून शुद्ध झाले असे समजू नये. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत नितळ पाणी भरून ते निदान सहा तास कडक उन्हात आणि ढगाळ हवेत दोन दिवस ठेवण्याची पद्धत जगभर वापरात आहे. मात्र तिचा मुख्य भार अतिनील किरणांवर आणि उष्णतेवर असतो. ज्यांच्याकडे इंधन आहे त्यांनी पाणी उकळावे. उघड्या टाकीतल्या क्लोरीनचा अंशही उन्हाने लवकर नाहीसा होतो, म्हणून टाकीला झाकण हवेच.

नदी व तलावांचे पाणी तपासणाऱ्या सर्व यंत्रणांना माझी विनंती आहे की प्रत्येक नमुन्यासोबत वेळ, खोली, आभाळाची स्थिती आणि पाण्याचा गढूळपणा यांची नोंद करावी व ती आकड्यांबरोबर प्रसिद्ध करावी. तसेच महिन्यातून निदान एकदा त्याच ठिकाणचा एक नमुना सूर्योदयापूर्वी आणि दुसरा दुपारी घ्यावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही. आपल्या वृत्तपत्रानेही अशा बातम्या देताना नमुन्याची वेळ विचारून घ्यावी.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
कोल्हापूर