सुटे भाग मिळतात का?

महोदय,
नवा स्मार्टफोन आला की ‘आता अव्वल कंपनीची सद्दी संपली’ अशी चर्चा सुरू होते. सद्दी संपते, नाही असे नाही. एके काळी घरोघरी नोकिया होता. 2014 मध्ये भारतात आलेल्या शाओमीने 2017 च्या अखेरीस सॅमसंगलाही मागे टाकले. पण मायक्रोमॅक्सचे काय झाले? 2016 मध्ये जिओ आले, गिऱ्हाईक फोर-जीकडे वळले आणि जोमात असलेली ही देशी कंपनी चिनी फोनांपुढे बघता बघता मागे पडली. नुसत्या मेगापिक्सेलवर गिऱ्हाईक टिकत नाही. काच फुटली तर तालुक्याच्या गावी डिस्प्ले मिळेल का, हे दुकानदाराला आधी विचारले जाते (निदान आमच्याकडे तरी!). नव्या कंपन्यांनी जाहिरातीतल्या नटांवरचा थोडा खर्च सुट्या भागांवर करावा.

— एक वाचक, बार्शी