तरवड

जालना
रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर म्हणालीस, होस्टेलच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप तेवढे दिसतात, देवानं घडवलेलं काहीच दिसत नाही. तेव्हा मी हसलो. मग आजीची आठवण आली.

आज पाळकसाहेबांनी बायबलमधलं मत्तय ६:२८ घेतलं, रानातली भूकमळं, शलमोन राजाच्या थाटापेक्षाही सुंदर सजलेली ती फुलं. आता भूकमळ मी जन्मात पाहिलेलं नाही. तुझ्या आजीनंही नाही. तिनं आपलं परस्पर ठरवून टाकलं होतं, भूकमळ म्हणजे तरवडच. बांधावर, मुरमात कुठंही पिवळाधमक फुलतो, कुणी पाणी घालत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

मला मात्र तरवडाचा राग यायचा. तुझे पणजोबा कातडं कमवायचे ते तरवडाच्या सालीनं. साल कुटून पाण्यात टाकायची, त्यात कातडी मुरवायची. तो वास घरभर, माझ्या दप्तरालासुद्धा. वर्गात पोरं नाक धरायची. आणि तीच पोरं नवरात्रात घटाच्या माळेला तरवडाची फुलं मागत आमच्या दारात! मी हाकलून द्यायचो. आजी ओंजळ भरून द्यायची, वर 'उद्या पण या रे' म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. संध्याकाळी ताटात मिलोची, म्हणजे त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. आम्ही भुकेनं कासावीस, आणि हिची उपकारस्तुती संपायचं नाव नाही. भाकरीबद्दल झालं, काम मिळालं त्याबद्दल झालं. मग एकदा म्हणाली, "प्रभू, आज जाताना बांधावर तरवड फुलला होता, तो तू मला दाखवलास." मी एक डोळा उघडून पाहिलं. बोटांना भेगा पडलेल्या, त्यात खडीची पांढरी धूळ. आणि अंबाड्यात तरवडाचं एक फूल, पार सुकलेलं. ते दिवसभर तिथंच असणार. माझ्या नजरेला तेव्हा पडलं.

आज शलमोनाच्या थाटाबद्दल पाळकसाहेब छान बोलले (जरा लांबवलंच). माझं मन त्या अंबाड्यातच अडकलेलं.

मोसंबी पाठवतोय, मैत्रिणींना दे. आणि त्या पाइपांकडं एकदा नीट बघ. सांध्यात कुठंतरी पिंपळाचं रोप उगवलेलं असतं बहुतेक. असलं तर किती पानं आहेत, रविवारी फोनवर सांग.

तुझे पप्पा