मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या नियमित तपासण्यांसाठी निधीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

लातूर, नांदेड, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतील मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी आमचे साहाय्य मंडळ उभे केले आहे. शस्त्रक्रिया पार पडली की आजार संपला, असा समज गावात आणि कित्येकदा घरातही असतो, आणि मदतीचा ओघ नेमका तेव्हाच आटतो. वास्तविक शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर केव्हाही उलटू शकते. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे ते मूत्रपिंड चालेल तोवर घ्यावी लागतात आणि तपासण्या चुकवून चालत नाही.

या तपासण्यांतील अडचण समजून घ्यावी, अशी विनंती आहे. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ. रक्तातील त्याचे प्रमाण वाढते ते बहुधा मूत्रपिंडाला इजा होऊन गेल्यानंतर, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झाले तरीही ते वाढते. शरीर मूत्रपिंड नाकारत आहे की कारण दुसरेच आहे, हे ठरवण्यासाठी बायोप्सी करावी लागते, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढावा लागतो. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे ती वरचेवर करता येत नाही.

मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्कुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावर आधारित तपासणी आपल्याला मिळेल का, असे रुग्ण आम्हाला आवर्जून विचारतात. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतील सुमारे २२ घटकांच्या अगदी आखूड साखळ्या. त्या स्वतः प्रथिने बनवत नाहीत, तर कोणते प्रथिन किती बनावे यावर लगाम ठेवतात. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीर तीव्रपणे नाकारत असलेल्या मूत्रपिंडांच्या बायोप्सीत मायक्रोआरएनए १५५, २२३ आणि १४२-५पी यांचे प्रमाण वाढलेले आढळले. मायक्रोआरएनए २१ चा संबंध मूत्रपिंडात हळूहळू वण साचण्याशी जोडला जातो. या साखळ्या रक्तात आणि लघवीतही बऱ्यापैकी टिकून राहतात, म्हणूनच सुई न टोचता लघवीच्या नमुन्यावरून धोका आधी ओळखता येईल, ही आशा निर्माण झाली आहे आणि ती आम्हाला रास्त वाटते.

तथापि, ही तपासणी अद्याप रुग्णाच्या रोजच्या उपचाराचा भाग झालेली नाही. बरेच अभ्यास थोड्या रुग्णांवर झाले आहेत, प्रयोगशाळांच्या पद्धती सारख्या नाहीत, आणि जंतुसंसर्गानेही यांतील काही प्रमाणे बदलतात. म्हणून कोणी अशा तपासणीची हमी देऊन पैसे मागितल्यास, आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते देऊ नयेत.

आज मूत्रपिंड वाचते ते क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि औषधाची लेव्हल, म्हणजे रक्तातील प्रमाण, वेळेवर पाहिल्यामुळे. टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे लागते. किनवट किंवा अहमदपूरच्या खेड्यातील रुग्णाला त्यासाठी पहाटेच, गोळी सोबत बांधून, शहराकडे निघावे लागते. बरोबरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पुढे तज्ज्ञांना भेटायला छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठायचे. हंगाम बुडाला की घरात सर्वांत आधी हाच खर्च पुढे ढकलला जातो, आणि आईने किंवा पत्नीने दिलेले मूत्रपिंड धोक्यात येते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणूनच आम्हाला ते स्वीकारवत नाही.

निधीतून तपासण्यांचे शुल्क थेट प्रयोगशाळेला आणि प्रवासखर्च तिकीट पाहून रुग्णाला दिला जाईल. देणगी रोख न देता धनादेशाने मंडळाच्या नावे द्यावी. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च वार्षिक सभेत मांडला जाईल. एका रुग्णाच्या वर्षभराच्या तपासण्यांचे पालकत्वही घेता येईल. ज्यांच्या शहरात प्रयोगशाळा आहे, त्यांनी आदल्या रात्री रुग्णाच्या मुक्कामाची सोय केली तरी ती मोठी मदत ठरेल.

रुग्णांनाही एक विनंती आहे. नैतिकता समितीची मान्यता असलेल्या संशोधनासाठी आपल्या डॉक्टरांनी लघवीचा किंवा रक्ताचा नमुना मागितल्यास, माहितीपत्रक वाचून, शंका विचारून आणि पटल्यास संमती द्यावी. आपल्या भागातील रुग्णांचे नमुने अभ्यासात असल्याशिवाय ही तपासणी त्यांना कितपत लागू पडते, हे कळणार नाही.

देणगीदारांनी आणि मुक्कामाची सोय करू इच्छिणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, लातूर