वेब डेव्हलपरांची सावड

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातील तरुण मुंबई-पुण्याची वाट धरतात, या विषयावर आपल्या दैनिकात अधूनमधून पत्रे प्रसिद्ध होतात. त्यांत एक गोष्ट सहसा येत नाही. संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय गावात राहून करता येतो आणि चिपळूण, रत्नागिरी, दापोली, कुडाळ, सावंतवाडी या भागांत तो करणारे लोक आहेतही. मात्र त्यांतील बहुतेकांची एकमेकांशी तोंडओळखसुद्धा नाही. मी स्वतः चिपळुणात राहून आंबा बागायतदार, काजू कारखानदार आणि किनाऱ्यावरील घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या कुटुंबांसाठी हे काम करतो.

या एकटेपणाची किंमत शेवटी गिऱ्हाईक मोजते. मागे ऐन एप्रिलमध्ये एक बागायतदार माझ्याकडे आले. पेट्यांची मागणी नोंदवण्याचे त्यांचे संकेतस्थळ आदल्या दिवशी बंद पडले होते. ते ज्या मुलाने केले होते तो नोकरीसाठी पुण्याला गेला होता, डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरील नावाची, नोंदणी त्याच्याच नावावर होती आणि त्याचा फोन नंबर बदललेला होता. मुदत संपून नाव काढून टाकले गेल्यानंतरही डॉट कॉमसारखे नाव मूळ धारकाला जादा शुल्क भरून 30 दिवसांच्या आत सोडवता येते, परंतु त्यासाठी तो मूळ धारक सापडायला हवा. तो सापडेपर्यंत हापूसचा अर्धा हंगाम सरला. मुलगा लबाड नव्हता. जाताना काम कोणाकडे सोपवावे, असे कोणी त्याच्या ओळखीचेच नव्हते.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी डेव्हलपरांचा एक गट सुरू केला होता, तो का मोडला हे प्रांजळपणे सांगायला हवे. पहिल्या सभेला सभागृह भरले. नारळ, हारतुरे आणि प्रास्ताविक यांतच पहिला तास गेला. पुढे दर वेळी मोठ्या शहरातून वक्ता आणायचा, असे ठरले. वक्त्याच्या सोयीने तारीख बदलू लागली, त्याच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी काढावी लागली आणि ज्या अडचणी घेऊन माणसे येत होती त्या बोलायला वेळच उरेना. पाचव्या सभेला आम्ही चौघे होतो. पावसाळ्यात सभा पुढे ढकलली ती पुन्हा झालीच नाही.

आपल्याकडे लावणीच्या दिवसांत सावड असते. आज तुमच्या मळ्यात, उद्या आमच्या. मजुरी कोणी देत नाही, पण कोण आले आणि कोण आले नाही हे सर्वांच्या पक्के लक्षात असते. ज्याला येणे जमत नाही तो घरातले दुसरे माणूस पाठवतो. डेव्हलपरांचा गट याच रीतीने चालावा, असे माझे मत झाले आहे. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते एक, म्हणजे मंडणगड किंवा राजापुराहून येणाऱ्यालाही दिवसाउजेडी एसटीने घरी परतता येईल. त्या वेळात एकाचे अडलेले काम सर्वांनी मिळून पाहायचे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचे. तिघेच आले तरी बैठक व्हावी. वाडीतले भजन पेटीवाला आला नाही म्हणून थांबत नाही, टाळांवर होते.

अडणारी कामेही आपल्याच मातीतली असतात. मागणी मिळाल्याचा संदेश मराठीत पाठवला तर एका एसएमएसमध्ये 70 अक्षरेच मावतात, त्यात काना, मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. इंग्रजीत तोच आकडा 160 आहे. त्यामुळे मराठी संदेश दोन-तीन तुकड्यांत जातो आणि खर्च तितक्या पटीने वाढतो. हे मला बिल हातात पडल्यावर कळले. शेजारच्या तालुक्यातील एकाला ते आधीपासून ठाऊक होते. मोबाइलवर काढलेला बागेचा चार-पाच एमबीचा फोटो चिपळुणातल्या फायबरवर झटकन उघडतो, पण गुहागरच्या एखाद्या खेड्यात, जिथे रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात मिळते, तिथे तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जाते. वेगवेगळ्या गावांतल्या दहा जणांनी आपापल्या घरून तेच पान उघडून पाहिले, तर यातील पुष्कळ चुका काम सोपवण्याआधीच ध्यानात येतील.

खरा अडसर अविश्वासाचा आहे. अडचण सांगितली की गिऱ्हाईक कळते, गिऱ्हाईक कळले की दुसरा त्याला कमी दरात फोडतो, ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पाच हजारांत संकेतस्थळ करून देणारे आपल्यातच आहेत, आणि सुरुवातीला मीही तेच केले आहे. म्हणून पहिल्या बैठकीतच दोन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. गटात ज्याचे काम पाहिले त्याच्या गिऱ्हाइकाकडे वर्षभर आपण होऊन जायचे नाही, आणि डोमेनची नोंदणी नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावावर करायची. हे मोडणाऱ्याला दंड करण्याची काहीच गरज नाही. सावडीला न येणाऱ्याच्या मळ्यात पुढच्या वर्षी कोणी उतरत नाही, तेवढे पुरते.

आणखी एक कारण पावसाचे आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगड भागातील वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतील संगणक हार्ड डिस्कसकट चिखलात गेले. माहितीची प्रत दूरच्या सर्व्हरवर ठेवता येते हे खरे, पण तिचा पासवर्ड ज्याला ठाऊक तोच माणूस छपरावर अडकलेला असेल तर त्या प्रतीचा काय उपयोग? दापोलीतल्या डेव्हलपरच्या गिऱ्हाइकांची तात्पुरती काळजी कुडाळमधल्याने घ्यावी आणि वेळ आली तर उलटही व्हावे, अशा जोड्या मे महिन्यातच लावून ठेवता येतील. संकटाच्या दिवशी अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या देणे कोणालाही जमणार नाही.

यासाठी फार पैसा लागत नाही, जागा लागते. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 1864 सालचे. अशा संस्थांनी आणि तालुक्यातालुक्यांतील लहान वाचनालयांनी महिन्यातून एका रविवारी तीन तास एक खोली, चार टेबले आणि विजेची जोडणी द्यावी, एवढीच विनंती आहे. चहाचा खर्च आम्ही वाटून घेऊ. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना जरूर पाठवावे, पण हजेरीच्या सक्तीने पाठवू नये. सक्तीने आलेली गर्दी आम्ही एकदा पाहिली आहे.

जागा निश्चित झाली की बैठकीचे ठिकाण आणि वेळ आपल्याला कळवू. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात दर महिन्याला दोन ओळी दिल्यात, विशेषतः जुलै आणि ऑगस्टमध्ये, तर पावसात बैठक रद्द झाली असेल असे समजून कोणी घरी बसणार नाही.

आपला,
एक वेब डेव्हलपर, चिपळूण