आई-बाबांना, जुनं घड्याळ आईकडे देण्याआधी

पुणे, रविवार

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण बाबांचं जुनं घड्याळ पुसून आईला द्यायचं हे काम करताना बाबांचा फोन हातात लागणार. ज्या फोनवर वाचायचं त्याच फोनवर बटणं दाबायची हे जमायचं नाही, म्हणून कागदावर लिहिते. बाबांना कागदच बरा वाटतो, हेही मला ठाऊक आहे. शेजारी पेन ठेवा आणि एकेक झालं की खूण करत चला.

आधी ठरलेलं सांगते. बाबांसाठी नवं घड्याळ मी घेतलंय, सॅमसंगचं स्मार्टवॉच, गॅलॅक्सी वॉच ७. सुहासमामा शनिवारी वंदे भारतने बेळगावला उतरणार, त्याच्याकडे देते आहे. बाबांच्या हातातलं वॉच ४ आईने घालायचं. विचारून घेतलं नाही, कारण विचारलं असतं तर "कशाला पैसे घालवतेस" एवढंच उत्तर आलं असतं. पैशाची काळजी करू नका. माझा यंदाचा बोनस झालाय, घराचा हप्ता वेळेवर जातो, माझ्या कुठल्याही गरजेला कात्री लागलेली नाही. बाबा, तुमच्या घड्याळाची बॅटरी आता दिवेलागणीपर्यंतही टिकत नाही. तुम्ही रात्री ते चार्जिंगला लावता, म्हणजे झोपेतली नाडी कुठेच नोंदली जात नाही, आणि डॉक्टरांनी गेल्या वेळी नेमकं तेच विचारलं होतं. नवं घ्यायला मला एवढं कारण पुरे होतं.

आई, तुला जुनं आणि बाबांना नवं, हे वाचून मनात काही आलं असेल तर मला सांग, मी तुलाही नवं आणीन. पण आत्याने दिलेली इरकल अजून घडी न मोडता कपाटात आहे ना? नवं घड्याळ तू तिच्याच शेजारी ठेवलं असतंस. बाबांच्या हातातलं मात्र तू बिनधास्त घालशील, त्याला ओला हात लावशील, पीठ मळताना काढून फळीवर ठेवशील. मला ते तुझ्या हातावर हवंय, आणि सकाळच्या वेळी तर हवंच. श्रावणात परसात धुण्याच्या दगडापाशी तुझा पाय घसरला हे मला काकींकडून कळलं. का सांगितलं नाहीस ते मला समजतं, मी रागावलेली नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी तुझा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही. तुझं काम सकाळी सातपासून दुपारपर्यंत, तेवढा वेळ ही बॅटरी पुरते. तू जेवून आडवी झालीस की लाव चार्जिंगला.

बाबा म्हणाले होते, दादाला द्या. तसं होत नाही. दादाचा आयफोन आहे, आणि वॉच ४ आयफोनला जोडलंच जात नाही. आईचा फोन सॅमसंगचाच आहे, तिथे ते सरळ बसतं.

आता बाबांची खरी काळजी. रिसेट म्हटलं की सगळं पुसलं जाणार, ॲन्जिओप्लास्टीनंतर वॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाऊन घातलेल्या सगळ्या फेऱ्या जाणार, असं तुम्हाला वाटतं. होय की ओ बाबा, घड्याळातलं पुसलं जाणार. पण तुमच्या फेऱ्या घड्याळात राहतच नाहीत. घड्याळ मोजतं आणि फोनमधल्या सॅमसंग हेल्थ या ॲपला देतं. सिंक, म्हणजे नोंदी आपोआप अकाउंटवर पाठवायची सोय, चालू असेल तर तिथून ते तुमच्या सॅमसंग अकाउंटवर जातं. घड्याळ रिकामं केलं तरी अकाउंटवरचं जागचं हलत नाही. नवं घड्याळ त्याच फोनला, त्याच अकाउंटला जोडलं की पुढच्या फेऱ्या मागच्यांच्या खाली लागतात. जायची भीती असते ती फक्त घड्याळातून फोनवर अजून न आलेल्या नोंदींची, आणि त्या आधी फोनवर आणायच्या हेच या सगळ्या कामातलं मुख्य.

तसंच उचलून आईच्या हातात बांधलं तर काय बिघडतं, असंही तुम्ही विचाराल. आईची स्वयंपाकघरातली पावलं तुमच्या खात्यावर चढतील. तिची नाडी तुमच्या सरासरीत मिसळेल आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर तेच आकडे बघतील. तुमच्या गोळीने नाडी मंद होते म्हणून इशाऱ्याची खालची मर्यादा आपण मुद्दाम कमी ठेवली होती, आईला ती चुकीची. तुमची उंची, वजन, वय त्यात आहे. तुमच्या पेन्शनर मंडळाचे निरोप तिच्या मनगटावर वाजत राहतील. आणि ती पडली तर हाक तिच्या फोनवरून न जाता तुमच्या फोनवरून जाईल, आणि तो असणार तुमच्याबरोबर डेपोवर. म्हणून रिसेट.

रविवारी सकाळी, फिरून आल्यावर, चहा झाल्यावर करा. रात्री दमलेले असताना नको.

घड्याळ निम्म्याहून जास्त चार्ज करा आणि चार्जरवरच ठेवा. मध्येच बंद पडायला नको, एवढी एक गोष्ट सांभाळायची. फोनही चार्ज केलेला असू दे, वायफाय आणि ब्लूटूथ चालू. मग घड्याळ फोनजवळ ठेवून सॅमसंग हेल्थ उघडा आणि पडदा बोटाने खाली ओढा. आजची पावलं घड्याळात दिसतात तेवढीच फोनवर दिसली पाहिजेत. कमी दिसली तर थोडं थांबून पुन्हा ओढा. आकडे जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. जुळले की तुमच्या पावसाच्या डायरीत त्या तारखेला तो आकडा लिहून ठेवा, म्हणजे नंतर मनात शंका राहणार नाही. सॅमसंग हेल्थमध्येच वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जाऊन सॅमसंग अकाउंटशी सिंक चालू आहे ना तेही बघा. मी दिवाळीत चालू करून गेले होते, तरी बघा.

त्यानंतर गॅलॅक्सी वेअरेबल हे ॲप. घड्याळाचं चित्र आहे तेच. त्यात वॉच सेटिंग्ज, मग अकाउंट्स अँड बॅकअप, आणि तिथे बॅकअप घ्या. यात तुमची घड्याळाची तबकडी आणि इतर मांडणी राहते, नव्या घड्याळावर ती परत आणता येते. तो मोठ्या आकड्यांचा चेहरा तुम्ही फार हौसेने निवडला होता, तो हरवू नये असं मलाही वाटतं.

आता रिसेट. त्याच ॲपमध्ये वॉच सेटिंग्ज, जनरल, रिसेट. बाबा, इथे हात जोडून सांगते: हे फक्त गॅलॅक्सी वेअरेबलच्या आतूनच करायचं. फोनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही रिसेट आहे, आणि त्यात फॅक्टरी डेटा रिसेट असं लिहिलेलं असतं. ते दाबलं तर घड्याळ राहील तसंच आणि फोन रिकामा होईल, त्यात यशच्या बारशाचे फोटो आहेत. कुठे आहोत याबद्दल जराही शंका आली तर मागे या आणि मला फोन करा. रविवारी सकाळी मी मुद्दाम मोकळी ठेवलीय.

रिसेट दाबल्यावर घड्याळ काळं होईल, सॅमसंगचं नाव येईल, जाईल, परत येईल. काही मिनिटं लागतात. या वेळात बटण दाबायचं नाही, चार्जरवरून उचलायचं नाही. पहिल्या दिवशी दुकानातून आणल्यावर दिसली होती तशी सुरुवातीची पाटी दिसली की झालं. मग बाबांच्या फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जुन्या घड्याळाचं नाव उरलं असेल तर तेही काढून टाका, नाहीतर फोन त्यालाच शोधत बसतो. या गडबडीत ओटीपी सांगा म्हणून कुणाचाही फोन आला तरी सांगायचा नाही, कंपनीतून बोलतो म्हणाला तरी नाही. असं काही झालंच तर १९३० वर, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, कळवायचं, आणि मला.

शहापूरच्या काकांनी त्यांच्या ॲपल घड्याळाचं विचारलं होतं, त्यांनाही निरोप द्या. त्यांनी ते आयफोनमधल्या वॉच ॲपमधूनच अनपेअर करायचं, म्हणजे फोनपासून तोडायचं. त्यात बॅकअप आपोआप होतो आणि ॲक्टिव्हेशन लॉकही निघतं. नुसतं घड्याळावरून पुसलं तर ते लॉक तसंच राहतं, आणि ज्याला देतील त्याला काकांचा पासवर्ड लागत राहतो.

बाबा, नवं घड्याळ आधी तुमच्या फोनला जोडा, बॅकअप परत आणायचा का विचारेल तिथे होय म्हणा. तुमचं झालं की आईचं. आईच्या फोनवर गॅलॅक्सी वेअरेबल मी घातलेलं आहे आणि तिचा ईमेलही काढून ठेवलाय. तिचं अकाउंट तिच्याच ईमेलवर करायचं, तुमच्या नाही. दुसऱ्या फोनवरून घड्याळ हलवायचा, ट्रान्सफरचा पर्याय कुठे दिसला तर तो घेऊ नका. तो एकाच माणसाने फोन बदलला तर असतो. आईचं वजन, उंची, जन्मतारीख खरी घाला. आई, वजन खरं सांग.

पडल्याचं ओळखायची सोय सुरू केल्याशिवाय कामाला येत नाही. वॉच सेटिंग्जमध्ये एसओएस किंवा सेफ्टी अँड इमर्जन्सीच्या आत ती सापडेल, आणि ती नेहमी चालू अशी ठेवायची, फक्त व्यायामाच्या वेळी अशी नाही. तातडीच्या नंबरांत पहिला बाबांचा, दुसरा माझा, तिसरा काकींचा. काकी दोन पावलांवर आहेत, मी पुण्यात, म्हणून खरं तर त्यांचाच पहिला असायला हवा, पण बाबांना वाईट वाटेल. या घड्याळात सिम नाही. आईचा फोन जवळपास असेल तरच निरोप जातो. फोन माजघरात आणि तू पार परसाच्या टोकाला, असं नको. पदराला खोचायचा नसेल तर मागच्या दाराच्या खिडकीत ठेव, तिथवर ब्लूटूथ पोचतं, मी दिवाळीत बघितलंय.

लहान असताना बाबा रोज सकाळी एचएमटीच्या घड्याळाला चावी द्यायचे आणि शेवटचे दोन वेढे मला द्यायला लावायचे. जास्त फिरवलं तर तुटेल म्हणून माझा जीव थरथरायचा आणि बाबा म्हणायचे, फिरव, काही होत नाही, मी आहे. बाबा, रिसेट दाबताना हात थांबला तर तेच समजा. काही होत नाही, मी आहे फोनवर.

आता थोडं रागावून. परसातलं शेवाळ या आठवड्यात खरवडून घ्या, माणूस बोलवा, बाबांनी फरशी घासायला बसायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची आहे, त्याचं मी गवंड्याशी बोलून ठेवलंय, तो आला की नको म्हणून परत पाठवू नका. टाकी बघायला गच्चीवर कुणीही चढायचं नाही. आई, आंघोळीला स्टूलवर बसत जा. बाबा, कॅम्पातून परतताना कुंदा आणायचाच असेल तर पावशेर, आणि तो आईच्या हातून वाटून.

घड्याळ आलं म्हणून दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं थांबवू नका. डायरीत जसं लिहिता तसं लिहीत राहा. आणि बाबा, छातीत जड वाटलं, डाव्या हाताला कळ आली, घाम सुटला, तर घड्याळात काय दाखवतंय ते बघत बसायचं नाही. घड्याळ गप्प असलं तरी १०८ ला फोन, आणि काकींना हाक. मला नंतर.

मी तिथे असायला हवी हे मलाही रोज वाटतं. यंदा तरी बदली मागायची नाही असं मी ठरवलंय, तुम्हाला ते सांगितलंही होतं, आणि तुम्ही दोघंही "बरं केलंस" म्हणालात. तुमच्या मनातून तसं होतं की माझ्यासाठी म्हणालात, हे मी विचारत नाही. घड्याळाने माझी जागा भरावी असं माझ्या मनात नाही. संक्रांतीला येते आहे, आठवडाभर राहते, तेव्हा दोन्ही घड्याळं मी नीट तपासून देईन.

रविवारी झालं की आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करा, दोघांचीही मनगटं दाखवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, बाबांच्या घामाचा पट्टा तुला नको म्हणून मोरपंखी रंगाचा नवा पट्टा मामाकडे देते आहे, वीस मिलिमीटरचा, तो बरोबर बसतो. जुना पट्टा टाकून द्या. घड्याळाची पाठ बांधण्याआधी ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरडी करून घे, साबण लावू नको. पट्टा बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून बोटभर मागे बांध. सैल असेल तर नाडी बरोबर येत नाही, आवळलास तर वळ उठेल.